चार नकाशांच्या कोपऱ्यावरचा जिल्हा

अकरावी-बारावीला भूगोल घेतलेल्या विद्यार्थ्याच्या हातात एकदा तरी भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलनिर्देशक नकाशा येतो. त्यावर ठरावीक प्रश्न असतात. नकाशाचा क्रमांक लिहा, प्रमाण लिहा, वस्तीचा प्रकार ओळखा, नदी कोणत्या दिशेने वाहते ते सांगा. हा नकाशा बहुधा कुठल्या तरी दूरच्या प्रदेशाचा असतो आणि पुष्कळदा मूळ नकाशा नसून त्याची काळी-पांढरी छायाप्रत असते. छायाप्रतीत तपकिरी समोच्च रेषा आणि निळे नाले सारखेच काळे दिसतात. मग मुले उत्तरे पाठ करतात, प्रात्यक्षिकाची वही पूर्ण होते आणि विषय संपतो.

बहुतेकांच्या बाबतीत तो कायमचाच संपतो. यांतील काही मुले पुढे शेती करतात, काही तलाठी होतात, काही अभियंता होतात, काही ग्रामपंचायतीवर निवडून येतात. पाझर तलाव कुठे घ्यायचा, विहीर कुठे खोदायची, खाणीला जमीन द्यायची की नाही, असे निर्णय त्यांच्यापुढे येतात. परंतु आपल्या पायाखालची जमीन पद्धतशीरपणे वाचायला शिकण्याची त्यांची शेवटची संधी बारावीलाच होऊन गेलेली असते. म्हणून हा नकाशा कुठून आला, तो कोणी आणि कशासाठी केला, हे मुलांना सांगायला हवे असे आम्हांला वाटते. यवतमाळ जिल्ह्यातील शिक्षकांना त्यासाठी फार दूर जावे लागणार नाही. या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण त्यांच्याच जिल्ह्याच्या जमिनीवर घडले आहे.

क्रमांकात काय दडले आहे?

सुरुवात नकाशाच्या क्रमांकापासून करू. यवतमाळ शहर ज्या पत्रकात येते त्याचा जुना क्रमांक ५५ एल/३ असा आहे. वणीचे पत्रक ५५ एल/१६ आणि पुसदचे ५६ ई/९. हे आकडे पाठ करण्याची गरज नाही, ते मांडून काढता येतात.

भारत व शेजारच्या प्रदेशाचे चार अंश अक्षांश आणि चार अंश रेखांशाचे मोठे चौकोन पाडले आहेत. प्रत्येकाला एक अंक आहे. २०° ते २४° उत्तर आणि ७६° ते ८०° पूर्व हा चौकोन ५५ क्रमांकाचा. त्याच्या लगेच खालचा, १६° ते २०° उत्तरेचा, ५६ क्रमांकाचा. प्रत्येक मोठ्या चौकोनाचे एकेक अंशाचे सोळा भाग होतात. त्यांना ए ते पी ही अक्षरे वायव्य कोपऱ्यापासून वरून खाली, मग पुढच्या स्तंभात पुन्हा वरून खाली अशी दिली आहेत. प्रत्येक अक्षराच्या चौकोनाचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा भाग होतात आणि त्यांना १ ते १६ हे अंक त्याच रीतीने मिळतात. यवतमाळ साधारण २०°२४' उत्तर व ७८°८' पूर्व येथे आहे. एवढ्या माहितीवरून ५५, मग एल, मग ३, हे उत्तर कोणताही विद्यार्थी फळ्यावर काढून दाखवू शकेल.

आता २०° अक्षवृत्त आणि ७८° रेखावृत्त कुठे छेदतात ते पाहा. तो बिंदू पैनगंगेच्या उत्तरेस, आर्णी शहरापासून फार दूर नसलेल्या रानात येतो. म्हणजे तो यवतमाळ जिल्ह्यातच आहे. या एका बिंदूपाशी ५५ एच, ५५ एल, ५६ ई आणि ५६ आय अशी चार पत्रके कोपऱ्याला कोपरा लावून भेटतात. जिल्ह्याचा बहुतेक भाग या चार पत्रकांत वाटला गेला आहे. पूर्वेला वणी तालुक्याचे टोक तेवढे ७९° रेखावृत्त ओलांडून आणखी पुढे जाते. त्यामुळे आर्णीच्या शिक्षकाला आपल्या गावाभोवतीचा मुलूख पाहायचा तर चार नकाशे जोडून जमिनीवर पसरावे लागतात.

पंधरा मिनिटांचे एक पत्रक या अक्षांशावर उत्तर-दक्षिण सुमारे २७.७ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे २६ किलोमीटर जमीन दाखवते. म्हणजे साधारण ७२० चौरस किलोमीटर. जिल्ह्याचे क्षेत्रफळ १३,५८२ चौरस किलोमीटर आहे. जिल्हा चौकोनी असता तर १९ पत्रकांत मावला असता. त्याची सीमा नद्यांनी आखलेली असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून बरीच अधिक पत्रके लागतात. सीमेवरील पत्रकांत किती जमीन जिल्ह्याची आणि किती शेजाऱ्याची, हे मोजणे हा क्षेत्रफळ काढण्याचा चांगला सराव आहे.

मद्रासहून निघालेली त्रिकोणांची साखळी

या रेषा जमिनीवर कुठेच आखलेल्या नाहीत. मग अमुक टेकडी अमुक अक्षांश-रेखांशावर आहे हे ठरवले कसे?

१८०२ साली विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळ एक पायारेषा साखळीने मोजली आणि तेथून त्रिकोणांचे जाळे विणायला सुरुवात केली. तत्त्व नववी-दहावीच्या भूमितीचे आहे. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन्ही टोकांचे कोन ठाऊक असले की उरलेल्या दोन बाजू गणिताने मिळतात. त्या नव्या बाजूंवर पुढचे त्रिकोण उभे करायचे. प्रत्यक्ष लांबी फक्त पायारेषेची मोजायची, पुढे सगळे कोन. दऱ्या, नद्या, जंगले यांतून साखळी ओढत नेण्यापेक्षा एका टेकडीवरून दुसरी टेकडी दुर्बिणीतून पाहणे अधिक सोयीचे आणि अधिक अचूकही होते. कोन मोजण्यासाठी लॅम्बटनने इंग्लंडहून मागवलेले थिओडोलाइट अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचे होते. ते टेकडीच्या माथ्यावर चढवावे लागे. या कामाला १८१८ साली ‘ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे’ हे नाव मिळाले आणि त्याच वर्षी जॉर्ज एव्हरेस्ट हा लॅम्बटनचा मुख्य सहायक म्हणून नेमला गेला.

या जाळ्याचा कणा म्हणजे दक्षिणोत्तर जाणारी त्रिकोणांची एक माळ. कन्याकुमारीच्या बाजूने निघून ती ७८° रेखावृत्ताच्या किंचित पश्चिमेने उत्तरेकडे सरकत गेली. बीदरजवळचे दामरगिद्दा, वऱ्हाडातील टाकळखेडा आणि सिरोंजजवळचे कल्याणपूर ही तिच्यावरील मुख्य ठाणी. दामरगिद्दा साधारण १८°३' उत्तरेस आणि टाकळखेडा २१°६' उत्तरेस आहे. दोहोंच्या मध्ये, याच रेखावृत्ताच्या पट्ट्यात, आजचे पुसद, दिग्रस आणि दारव्हा तालुके येतात. म्हणजे ही माळ यवतमाळ जिल्ह्याच्या पश्चिम भागातून गेली आहे. तेव्हा हा मुलूख हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता आणि यवतमाळ नावाचा जिल्हा अस्तित्वात नव्हता.

दूरची टेकडी स्पष्ट दिसण्यासाठी हवा स्वच्छ लागते. उन्हाळ्यात धुळीने आणि तापलेल्या हवेच्या थरथराटाने क्षितिज पुसट होते. पावसाने हवा धुतली गेली की पन्नास किलोमीटरवरील खूणही दिसते. म्हणून मोजणीचे पथक पावसाळ्यात रानात उतरत असे. हाच काळ हिवतापाचा. १८२० साली कृष्णा-गोदावरीच्या मधल्या जंगलात स्वतः एव्हरेस्ट तापाने इतका खंगला की प्रकृतीसाठी त्याला दक्षिण आफ्रिकेच्या केपला जावे लागले. त्याच्याबरोबर झेंडे धरणारे, झाडे तोडणारे, यंत्रे वाहणारे खलाशी होते. त्यांना असा हवापालट मिळाला नाही आणि त्यांची नावेही कुठल्या पाठ्यपुस्तकात आढळत नाहीत.

लॅम्बटन त्या वेळी सत्तरीला आला होता. हैदराबादहून नागपूरकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तेथेच आहे. हिंगणघाट यवतमाळपासून सरळ रेषेत सुमारे पाऊणशे किलोमीटरवर आहे. शाळेची सहल तेथे सहज जाऊ शकते. जवळजवळ सगळ्या हिंदुस्थानाच्या नकाशाचा पाया घालणारा माणूस आपल्या शेजारच्या जिल्ह्यात विसावला आहे, हे मुलांना ठाऊक असावे.

पृथ्वीचा आकार आणि दीडशे मीटरांचा फरक

लॅम्बटननंतर एव्हरेस्टने काम पुढे नेले. १८३० साली त्याने एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा विषय १८°३' ते २४°७' या अक्षांशांमधील रेखावृत्ताच्या कंसाचे मापन हा होता. पुसद-दारव्ह्याचा पट्टा बरोबर या कंसात येतो.

केवळ नकाशा काढण्यासाठी एवढी खटपट नव्हती. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे, पण किती, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. ताऱ्यांच्या वेधांवरून दोन ठाण्यांच्या अक्षांशांतील फरक काढायचा, त्रिकोणांवरून त्यांच्यातील प्रत्यक्ष अंतर काढायचे, आणि एका अंशाला किती अंतर पडते ते पाहायचे. निरनिराळ्या अक्षांशांवर हे अंतर थोडे थोडे बदलते. त्यावरून पृथ्वीचा आकार मिळतो. एव्हरेस्टने १८३० साली काढलेल्या आकारात विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे ६३,७७,२७६ मीटर येते. आज उपग्रहांवरून ठरवलेली आणि जगभर वापरली जाणारी त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर आहे. फरक एका किलोमीटरहूनही कमी. दुर्बीण, साखळी आणि कागद-पेन्सिलीच्या बळावर हे साधले होते.

एव्हरेस्टचे समाधान मात्र झाले नव्हते. पुढे नवी यंत्रे आल्यावर कल्याणपूर ते बीदर हा सगळा टप्पा त्याने पुन्हा मोजून घेतला. हे काम १८४१ पर्यंत चालले. म्हणजे या टेकड्यांवरून दुर्बीण दोनदा फिरली. या काळात राधानाथ सिकदार हे गणिताचे आणि अर्काटचे सय्यद मोहसीन हे यंत्रांचे काम पाहत होते. मोठ्या थिओडोलाइटच्या वर्तुळावर अंशांच्या बारीक खुणा नव्याने कोरण्याचे अवघड काम सय्यद मोहसीन यांच्या मदतीने पार पडले. झालेले काम पुन्हा तपासण्याची ही शिस्त प्रयोगशाळेत जितकी लागते तितकीच नकाशातही लागते, हे विज्ञानाच्या शिक्षकांनी मुलांच्या ध्यानात आणून द्यावे.

विभागाचे जुने स्थलनिर्देशक नकाशे एव्हरेस्टच्या आकारावर बेतलेले आहेत. मोबाइलमधील उपग्रह-यंत्रणा नव्या आकारावर चालते. म्हणून मोबाइलने दाखवलेले अक्षांश-रेखांश जुन्या नकाशावर मांडले तर बिंदू यवतमाळ परिसरात सुमारे दीडशे मीटर सरकतो. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर हे अंतर तीन मिलिमीटर भरते. बारकाईने काम करणाऱ्या विद्यार्थ्याला ते दिसून येईल. कोणाचेच मापन चुकलेले नाही, दोघांनी पृथ्वी वेगवेगळ्या आकाराची धरली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

नकाशा कोणासाठी?

हा सगळा खटाटोप ज्ञानासाठी होता असे म्हणणे अर्धवट ठरेल. कंपनी सरकारला सैन्य हलवायचे होते, सारा ठरवायचा होता आणि माल बंदरापर्यंत न्यायचा होता. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकी मोल आले. वर्धा खोऱ्यातील कोळशावर ह्यूज याचा सविस्तर अहवाल भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १८७७ साली प्रसिद्ध केला. मूर्तिजापूर-यवतमाळ हा अरुंदमापी लोहमार्ग १९०३ साली सुरू झाला. पुढे लोक त्याला ‘शकुंतला’ म्हणू लागले. तो कापसासाठीच टाकला होता.

१९०५ साली वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना झाली. तेव्हाच्या वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले आणि वाशीम जिल्हा मोडून त्यातील पुसद तालुका त्याला जोडला गेला. त्याच सुमारास एका समितीच्या शिफारशींवरून सर्वेक्षण विभागाने एक इंचाला एक मैल या प्रमाणाचे रंगीत नकाशे तयार करण्याचे काम हाती घेतले. मेट्रिक पद्धती आल्यानंतर त्यांची जागा १:५०,००० च्या नकाशांनी घेतली. जिल्हा आणि त्याचे नकाशे अशा रीतीने जवळजवळ एकाच वेळी आजच्या रूपाला आले.

स्वातंत्र्यानंतरही मोठ्या प्रमाणाचे नकाशे सामान्य माणसाला सहज मिळत नव्हते. सीमेलगतच्या आणि किनाऱ्याच्या प्रदेशांवर तर बंधनेच होती. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षण खात्यासाठी एक आणि जनतेसाठी दुसरी अशा दोन मालिका केल्या. खुल्या मालिकेतील नकाशे २०१७ पासून विभागाच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेण्याची सोय झाली. २०२१ मध्ये नकाशे तयार करण्यावरची बंधनेही बरीच सैल झाली. नव्या मालिकेत पत्रकांचे क्रमांक बदलले, पण २०° आणि ७८° या रेषा तिथेही सीमाच राहिल्या. जुन्या ५५ व ५६ च्या जागी आता एफ ४३, एफ ४४, ई ४३ आणि ई ४४ हे चार विभाग आर्णीजवळच्या त्याच बिंदूपाशी भेटतात.

म्हणजे एकेकाळी कलेक्टरच्या कपाटात असणारा कागद आज कनिष्ठ महाविद्यालयाच्या संगणकावर रंगीत उघडता येतो. तरीही वर्गात दूरच्या प्रदेशाची काळी छायाप्रतच फिरत राहिली तर त्या खुलेपणाचा उपयोग काय?

वर्गात काय करता येईल?

पहिला उपक्रम मैदानावरचा. ५० मीटरची पायारेषा टेपने मोजा. तिच्या दोन्ही टोकांवरून समोरच्या झाडाशी होणारे कोन मोठ्या कोनमापकाने मोजा. समजा ते ६०° आणि ७०° आले. तिसरा कोन ५०°. ज्या सूत्राने कोणतीही बाजू तिच्या समोरील कोनाच्या साइनच्या प्रमाणात असते, त्यावरून ७०° च्या टोकापासून झाडाचे अंतर ५० × साइन ६०° ÷ साइन ५०°, म्हणजे सुमारे ५६.५ मीटर येईल. मग टेपने मोजून पाहा. फरक का पडला यावरची चर्चा हाच या प्रयोगाचा गाभा आहे. हुशार विद्यार्थ्यांना पुढचे सांगावे. पृथ्वी गोल असल्यामुळे मोठ्या त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८०° हून किंचित अधिक येते आणि हे आधिक्य दर १९७ चौरस किलोमीटरला सुमारे एक सेकंद असते.

दुसरा उपक्रम खडकांचा. जिल्ह्याचा पश्चिम व मध्य भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा आहे. समोच्च रेषा तिथे पायऱ्यांसारख्या दिसतात, कारण कठीण आणि मऊ थर एकाआड एक आहेत. वणी, मारेगाव, झरी-जामणीकडे गेले की लाव्हाच्या खालचे जुने खडक उघडे पडतात. त्यांत पंचवीस कोटी वर्षांहून जुना दगडी कोळसा आहे, आणि त्याहूनही कितीतरी जुना चुनखडक आहे. झरी-जामणी तालुक्यातील शिबला-पार्डी येथे २०२१ साली रस्त्याच्या कामात बेसाल्टचे बहुकोनी स्तंभ उघडे झाले. लाव्हा निवताना आकसतो आणि तडे जाऊन असे स्तंभ बनतात. खडक बदलला की विहिरीचे पाणीही बदलते. पांढरकवडा परिसरातील काही भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आढळले आहे. पिण्याच्या पाण्यातील त्याची मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम आहे. दातांवरचे डाग आणि नकाशावरचा खडक यांचा संबंध एकदा जुळला की मुले हा धडा विसरत नाहीत.

तिसरा उपक्रम जुन्या आणि नव्या नकाशांच्या तुलनेचा. जुन्या पत्रकावर शकुंतलेचे रूळ सापडतील, पण बेंबळा प्रकल्पाचा जलाशय सापडणार नाही. जलाशयाखाली गेलेल्या जमिनीचे क्षेत्रफळ आलेख-कागदाने मोजता येते. कोलामांचे पोड आणि बंजारांचे तांडे नकाशावर कुठे आहेत आणि कुठे सुटले आहेत, हे मुलांनी स्वतः हिंडून नोंदवावे. नकाशात नसलेल्या वस्तीला रस्ता आणि पाणीयोजना मिळवणे किती कठीण जाते, हे त्या वस्तीतील विद्यार्थीच वर्गाला सांगू शकतील.

चौथा उपक्रम पाण्याचा. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातील आनंदनगर तांडा पुराच्या पाण्याने वेढला गेला आणि लोकांच्या सुटकेसाठी हवाई दलाची मदत मागवावी लागली. आपल्या गावाची समोच्च रेषा कोणती, नाल्याची कोणती आणि पाणी वीस मीटर नव्हे तर नुसते पाच मीटर चढले तर कुठवर येईल, याचा अंदाज प्रत्येक विद्यार्थ्याला करता यावा. नकाशावर दोन समोच्च रेषांत वीस मीटरांचे अंतर असते, तेव्हा मधली उंची गावात फिरूनच भरावी लागेल. जुने लोक पुराची खूण अजूनही भिंतीवर दाखवतात. ती खूण नकाशावर नेऊन ठेवणे हे बारावीच्या विद्यार्थ्याला सहज जमण्यासारखे काम आहे.

यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहायला नको. स्थलनिर्देशक नकाशाचे वाचन शिकवायचेच असते. फक्त वहीतल्या दूरच्या पत्रकाच्या जोडीला आपल्या गावाचे पत्रक लावायचे आहे. शिक्षकांनी येत्या सत्रात आपापल्या शाळेच्या अक्षांश-रेखांशांवरून पत्रकाचा क्रमांक मुलांकडून काढून घ्यावा, ते पत्रक रंगीत छापून वर्गात लावावे आणि सगळ्यात आधी त्यावर शाळा कुठे आहे ते विचारावे.